हरकत आहे

मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा, आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानात न राहणारा, एक शब्दप्रयोग म्हणजे 'हरकत नाही'. पाहुण्याने खिडकी लावून घेऊ का म्हणून विचारले तरी हरकत नाही, आणि उसनवार नेलेले पुस्तक सहा महिन्यांनी परत येणार असे कळले तरीही हरकत नाही. वस्तुतः हा शब्द इतका गरीब नाही. अरबीत त्याचा मूळ अर्थ हालचाल असा आहे. गवयाच्या गळ्यातून निघणाऱ्या हरकतीत तो अद्यापि जिवंत आहे. फारसी दप्तराच्या वाटेने तो आपल्या महसुली व्यवहारात उतरला तो मात्र आक्षेप होऊन, आणि तेथे त्याला मुदत जोडली गेली : जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की ज्या कोणाची हरकत असेल त्याने ती पंधरा दिवसांत लेखी द्यावी, न दिल्यास कोणाचीच हरकत नाही असे धरून नोंद कायम होईल. सरकारी कागदाला मौनाचा एवढा एकच अर्थ ठाऊक असतो. गेल्या शंभर वर्षांत आपल्या देशात पर्यावरणाच्या नावाने, किंवा ते नाव जन्माला येण्यापूर्वी नुसत्या पोटाच्या आणि जमिनीच्या नावाने, ज्या चळवळी झाल्या त्यांचे सार काढावयाचे झाले तर मी असे म्हणेन की, ज्यांच्या मौनावर कोणीतरी आपला हिशेब बसवला होता अशी माणसे मुदतीच्या आत, आणि पुष्कळदा मुदत टळून गेल्यावर, चावडीपुढे येऊन उभी राहिली आणि 'हरकत आहे' म्हणाली.

प्रस्तुत संग्रह अशा हरकतींचा आहे. संपादकांनी त्यात तीन विषय एकत्र बांधले आहेत : हवामानबदल, अणुवीज केंद्रांची सुरक्षितता आणि इलेक्ट्रॉनिक कचरा. हस्तलिखित प्रथम हाती आले तेव्हा ही मोट मला चमत्कारिक वाटली, हे कबूल केले पाहिजे. एक विषय आभाळाएवढा. दुसरा काटेरी कुंपणाच्या आणि गोपनीयतेच्या कायद्याच्या आड कडेकोट बंदोबस्तात बसलेला. आणि तिसरा, दुपारच्या वेळी गल्लीत आरोळी देत येणाऱ्या भंगारवाल्याच्या हातगाडीवरचा. या तिघांची सोयरीक कोणी आणि कोणत्या पंचांगावरून जुळवली, असा प्रश्न वाचकालाही पडेल, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो.

शाळेत भागाकार शिकवताना आमचे गुरुजी एका गोष्टीचा फार आग्रह धरीत. भाग गेल्यावर जे उरते ते पाटीच्या तळाशी लिहिलेच पाहिजे. न लिहिले तर वरचे उत्तर बरोबर असूनही गणित चूक. त्या उरलेल्याला आम्ही बाकी म्हणत असू, आणि पुढे तहसील कचेरीशी संबंध आल्यावर समजले की वसूल न झालेल्या रकमेलाही बाकीच म्हणतात. औद्योगिक संस्कृतीने गेल्या दोन शतकांत मांडलेली गणिते ही बहुतेक बाकी न लिहिताच पुरी झालेली आहेत. कोळसा जाळून वीज मिळाली, हे उत्तर; त्यातून सुटलेल्या कर्बवायूचा मोठा अंश शतकानुशतके वातावरणात रेंगाळतो, ही बाकी. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या पुढे गेले आहे. अणुभट्टीतून वीज मिळाली, हे उत्तर. जळून गेलेल्या इंधनात जे प्लुटोनियम उरते त्याची किरणोत्सारिता निम्मी होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात, ही बाकी, आणि ज्या शालिवाहन शकाने आपण कालगणना करतो त्याला अद्याप दोन हजार वर्षेसुद्धा पुरी व्हावयाची आहेत, एवढे सांगितले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ लक्षात यावा. आणि तिसरी बाकी आपल्या कपाटाच्या खणात आहे. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची आहे. उरलेला गेला कोठे, या प्रश्नाचा शोध म्हणजेच या ग्रंथाचा एक तृतीयांश भाग होय.

या तिन्ही बाक्या एकमेकींपासून किती जवळ राहतात, हे २०१० साली दिल्लीत एका विलक्षण प्रसंगाने दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी आणलेले आणि पुढे वर्षानुवर्षे पडून राहिलेले एक किरणोत्सारी यंत्र त्या वर्षीच्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात निघाले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, तेथे ते तोडले गेले, आणि आत असलेले कोबाल्ट-६० काय असते याची सुतराम कल्पना नसलेल्या माणसांनी त्याचे चकाकणारे तुकडे हाताळले. कित्येकांना इस्पितळात दाखल करावे लागले. त्यांतील एक मजूर मरण पावला. लिलावाच्या कागदावर सगळे यथासांग होते. डेडस्टॉक रजिस्टरमधून एक वस्तू कमी झाली, जागा मोकळी झाली, चार पैसे जमा झाले. बाकी मात्र एका मजुराच्या शरीरावर लिहिली गेली.

चळवळीच्या इतिहासाकडे वळताना मला चिपकोपासून आरंभ करावयाचा नाही, जरी तो रिवाज पडून गेला आहे. महाराष्ट्राला तरी आपला आरंभ मुळशीत शोधला पाहिजे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्याची टाटा कंपनीची योजना होती. तीसाठी मुळशी पेट्यातील गावेच्या गावे आणि उत्तम भातखाचरे पाण्याखाली जावयाची होती, आणि ती मिळवून देण्यासाठी १८९४चा भूसंपादन कायदा एका खाजगी कंपनीच्या दिमतीस देण्यात आला होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. पुण्यातील जे सावकार त्या जमिनींचे कागदोपत्री धनी होते त्यांपैकी अनेकांना मोबदला घेऊन मोकळे होण्यात वावगे वाटत नव्हते. जमीन कसणाऱ्यांना वाटत होते. हा भेद आजच्या वाचकाने नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी तो नव्या वेषात पुन्हा उभा राहिला आहे. मुळशीचा लढा हरला. १९२४पर्यंत तो ओसरला, धरण झाले, आणि आज सुटीच्या दिवशी पुण्याची मंडळी त्या जलाशयाच्या काठी कांदाभजी खावयास जातात. तथापि जगातील धरणविरोधी चळवळींच्या अगदी पहिल्या पिढीत ज्याची गणना होते तो लढा मराठी मुलखात, मराठी शेतकऱ्यांनी दिला, आणि त्यात उपस्थित झालेला प्रश्न, म्हणजे ज्याच्या घरात काळोख होणार त्याला विचारल्यावाचून दुसऱ्याच्या घरी दिवा लावावा काय, हा अद्यापि निकालात निघालेला नाही.

दुसरा आरंभ पुण्यातच, पण व्याख्यानाच्या व्यासपीठावर झाला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना मराठी वाचक प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु गोव्यात जन्मलेला हा गणिती डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामास होता, आणि अणुशक्तीचे जे स्तोत्र त्या काळी सर्वत्र गायिले जात होते त्यात त्याने आपला सूर मिळवला नाही. १९६०च्या सुमारास पुण्यात बोलताना त्यांनी असे मत मांडले की, ज्या देशावर वर्षातील बहुतेक दिवस ऊन पडते त्याने महागड्या अणुभट्ट्यांच्या मागे न लागता सूर्यशक्तीच्या संशोधनावर पैसा खर्च करावा. हे ऊन खेडोपाडी विखुरलेले असल्यामुळे ते विखुरलेल्या जनतेच्या उपयोगी पडेल. त्या वेळी हे विक्षिप्तपणाचे लक्षण समजले गेले. साठ वर्षांनी सरकारी जाहिरातीत तेच वाक्य थोड्याफार फरकाने वाचावयास मिळते.

मुळशी आणि कोसंबी यांच्या दरम्यान, म्हणजे कसणाऱ्याचा अनुभव आणि जाणत्याचे गणित यांच्या दरम्यान, पुढील सारी चळवळ हिंदकळत राहिली आहे. १९७२ची स्टॉकहोम परिषद, १९७३ साली चमोली जिल्ह्यात सुरू झालेले चिपको आंदोलन, केरळ शास्त्र साहित्य परिषदेने अभ्यासपूर्ण विरोध करून वाचवलेले सायलेंट व्हॅलीचे अरण्य, हा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. भोपाळचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. १९८४च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर दोन वर्षांनी, १९८६ साली, पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. पुढे किनाऱ्याचे नियम, प्रकल्पांचे आघात-मूल्यमापन, जनसुनावणी हे जे जे काही आले ते त्या अधिनियमाच्या पोटातून आले. आपल्याकडे कायदे विचाराने कमी आणि प्रेतांच्या गणतीने अधिक झाले आहेत.

१९८७-८८च्या हिवाळ्यात पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली. तिची एक शाखा आपल्या नवापूरहून दक्षिणेकडे आणि दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेकडे चालत येऊन दोन्ही गोव्यात मिळाल्या. सह्याद्रीचे दुखणे एका जिल्ह्याचे नाही, ही जाणीव त्या चालण्यातून आली. २०११ साली माधव गाडगीळ यांच्या समितीने जो अहवाल दिला, आणि जो वाचण्यापूर्वीच पुष्कळांनी जाळला, त्याची पूर्वपीठिका तेथे आहे. डहाणूची हकीगत याहून बोधप्रद. चिकूच्या वाड्यांचा, वारल्यांच्या पाड्यांचा आणि मच्छीमारांचा हा तालुका जून १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली त्याच्या रक्षणासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. एका तालुक्यापुरते मर्यादित, फारसे मनुष्यबळ नसलेले हे छोटेसे प्राधिकरण पाव शतक आपल्या जागी उभे राहिले, ही आपल्या प्रशासकीय इतिहासातील नवलाची गोष्ट आहे. पुढे अध्यक्ष बदलले, प्रकल्पाचा आराखडा बदलला, २०२३ साली त्याच प्राधिकरणाने त्याच बंदराला संमती दिली आणि २०२४च्या ऑगस्टात पायाभरणीही झाली. किनाऱ्यावरील लोकांची हरकत मात्र तीच राहिली.

आता अणुशक्तीकडे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला, म्हणजे महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर, सुरू झाले, आणि त्याबाबत प्रदीर्घ काळ मराठीत अभिमानापलीकडे फारसे काही लिहिले गेले नाही. याचे एक कारण १९६२चा अणुऊर्जा कायदा, ज्याने माहिती देण्याचा आणि न देण्याचा अधिकार त्या खात्याच्याच हाती ठेवला होता. दुसरे कारण आपल्या मध्यमवर्गाच्या मनोरचनेत आहे : विज्ञान आणि वैज्ञानिक खाते या दोन वस्तू भिन्न आहेत, हे आपणांस फार उशिरा उमगले. सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले ते संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर कार्यकारी आदेशाने. ज्या व्यवस्थेवर नजर ठेवावयाची तिच्याच आसनाखाली त्याला बसावे लागले, आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२च्या आपल्या अहवालात यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. जावयाने सासऱ्याच्या वहीखात्याची तपासणी करावी, तशातला हा प्रकार.

अणुविरोधी विचाराचे सातत्यपूर्ण काम ज्यांनी केले त्यांत गुजरातेतील वेडछी येथून 'अणुमुक्ती' हे नियतकालिक चालवणारे सुरेंद्र व संघमित्रा गाडेकर हे दांपत्य अग्रगण्य मानले पाहिजे. राजस्थानातील रावतभाटा केंद्राच्या परिसरात घरोघर जाऊन त्यांनी केलेली आरोग्यपाहणी हा लोकविज्ञानाचा एक आदर्श आहे. तिच्या निष्कर्षांशी खात्याने मतभेद दाखवला, परंतु अशी पाहणी आधी खात्याला स्वतःहून का सुचली नाही, या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळत नाही. कर्नाटकात कैगाविरुद्ध उभे राहिले ते कन्नडचे ज्येष्ठ कादंबरीकार शिवराम कारंत, आणि त्याच कैगा येथे १९९४ साली बांधकाम चालू असताना अणुभट्टीच्या घुमटाचा आतील भाग कोसळला. भट्टी सुरू झालेली नव्हती म्हणून तो अपघात बातमीपुरता राहिला. तमिळनाडूत कुडनकुलमच्या किनाऱ्यावर इडिंतकरै गावातील मच्छीमार स्त्रियांनी २०११नंतर जे दीर्घ उपोषण-सत्र चालवले त्याची हकीगत या संग्रहात सविस्तर आली आहे.

जैतापूरचे प्रकरण मराठी वाचकाला जवळचे, आणि त्यावर मी थोडा अधिक थांबणार आहे. राजापूर तालुक्यातील माडबन व आसपासच्या गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट : हे झाले उत्तर. ही जमीन पडीक आहे, असे प्रकल्पाच्या बाजूने वारंवार सांगितले गेले. कोकणातला सडा ज्याने फक्त वैशाखात, एस.टी.च्या खिडकीतून पाहिला आहे त्याला ते खरेही वाटेल. मी तो भाद्रपदात पाहिला आहे. काळ्या कातळावर वीतभर मातीत जांभळी-पांढरी फुले गुडघ्याखाली पसरलेली असतात, वरकस जमिनीत नाचणी डोलत असते, गुरे चरत असतात, आणि कातळ फोडून लावलेली हापूसची कलमे उभी असतात. त्याच तालुक्यातील सड्यांवर आपल्या प्राचीन पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पेही अलीकडे उजेडात आली आहेत. महसुली दप्तरात मात्र अशा जमिनीला पोटखराबा असे नाव आहे. एखाद्या भूभागाला एकदा खराबा म्हटले की त्याचे काहीही करावयास दप्तर मोकळे होते.

१६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. आघात-मूल्यमापनाचा मराठी अनुवाद आपणांस वेळेत मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी आली. बहुसंख्य खातेदारांनी मोबदल्याचे धनादेश घेण्याचे नाकारले. ज्यांची जमीन जात नव्हती पण ज्यांच्या समुद्रात गरम पाणी सोडले जाणार होते ते साखरी नाट्याचे मच्छीमार, बव्हंशी मुसलमान, माडबनच्या हिंदू बागायतदारांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमा घडले. त्यानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिलला, नाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार ठार झाला. त्या भट्ट्या अद्याप उभ्या राहिलेल्या नाहीत. याचे श्रेय चळवळीला किती आणि विजेच्या दराच्या वाटाघाटींना किती, याविषयी या संग्रहातील दोन लेखकांत मतभेद आहे आणि संपादकांनी तो झाकून ठेवलेला नाही, हे मला आवडले.

भंगाराचा इतिहास याहून लहान आणि त्याला नायक नाही. १९८९चा बाझल करार श्रीमंत देशांच्या घातक कचऱ्याची गरीब देशांकडे होणारी रवानगी रोखण्यासाठी झाला. तरी जुने संगणक 'दान' म्हणून किंवा 'वापरलेला माल' म्हणून बंदरांत येतच राहिले. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादेत आणि आपल्या मुंबईच्या कुर्ला-साकीनाका भागांत ते तोडले जाऊ लागले. तांब्यासाठी तारा जाळावयाच्या, सोन्याच्या कणासाठी सर्किटची पाटी तेजाबात बुडवावयाची, आणि शिसे, कॅडमियम, पारा यांचा अंश आपल्या फुप्फुसांत व गटारात सोडून द्यावयाचा, असा हा गृहोद्योग. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००३ साली त्यावर अहवाल काढला; पहिले नियम २०११ साली झाले, ते २०१६ आणि २०२२ साली बदलले, आणि वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या अखेरीची जबाबदारी घ्यावी हे तत्त्व कागदावर प्रस्थापित झाले. कागदावर म्हणतो, कारण प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री आणि प्रत्यक्ष कचरा यांच्या वाटा पुष्कळदा कोठेच मिळत नाहीत.

येथे पुण्याचे एक उदाहरण अभिमानाने सांगितले पाहिजे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि उकिरड्यावर वाकलेल्या बाईला तिच्या व्यवसायाचे नाव आणि ओळखपत्र मिळाले. पर्यावरणवाद्यांच्या यादीत या स्त्रियांची नावे कोणी घालत नाही; तथापि शहराची बाकी प्रत्यक्ष हातांनी उचलून वेगळी करणारे दुसरे कोण आहे? माझ्या स्वतःच्या घरात, हे लिहीत असताना, एका खणात चार मृत मोबाइल आणि माळ्यावर वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. रेडिओ ठेवण्याचे कारण मला सांगता येते. मोबाइलचे सांगता येत नाही.

हवामानबदलाच्या चळवळीत भारताचा सर्वांत मौलिक वाटा वैचारिक आहे. १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी असे प्रतिपादन केले की, भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तराजूत तोलणे हा अन्याय आहे; जगण्यासाठी होणारे उत्सर्जन निराळे आणि चैनीसाठी होणारे निराळे. पुढच्याच वर्षी रिओत झालेल्या आणि नंतरच्या क्योतो-पॅरिसच्या वाटाघाटींत हा युक्तिवाद सतत घुमत राहिला. पण त्याची दुसरी धार आपल्यावरही चालते, याचा आपल्याला विसर पडतो : जो भेद देशादेशांत, तोच मलबार हिल आणि मानखुर्द यांच्यातही आहे. २०१८ साली ग्रेटा थुनबर्ग या स्वीडिश शाळकरी मुलीने सुरू केलेल्या संपानंतर आपल्याही शहरांत मुले फलक घेऊन उभी राहिली, २०१९च्या ऑक्टोबरात आरेची झाडे रात्रीतून पडू लागली तेव्हा ती तेथे धावली. त्यांची तळमळ निर्विवाद, भाषा मात्र बहुतांशी परकी. मराठवाड्यातला शेतकरी हवामानबदल हा शब्द क्वचितच उच्चारतो. पावसाचं गणित बिघडलं, मृगाचा भरवसा राहिला नाही, असे तो म्हणतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, २०१४ची गारपीट, २०२१चे बुडालेले चिपळूण आणि दरडीखाली गेलेले तळीये हे सर्व या दोन भाषांच्या मधल्या जागेत घडले आहे. प्रत्येक आपत्तीचे खापर हवामानबदलावर फोडणेही बरोबर नव्हे. नदीच्या पात्रात घरे बांधण्यास परवानगी देणारा शिक्का वातावरणात तयार होत नसतो.

या चळवळींत पंथ किती, असे कोणी विचारील. जीविकेसाठी लढणारे, कायद्याच्या वाटेने जाणारे, लोकविज्ञानवाले, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३पासूनच्या परंपरेतील पक्षी-प्राण्यांचे अभ्यासक, आणि 'गतिमान संतुलन'कार दिलीप कुलकर्णी यांच्यासारखे, आधी आपली राहणी बदला म्हणणारे. हे पंथ एकमेकांवर पुष्कळ टीका करतात आणि ऐन वेळी एकमेकांकडून आकडे मागून नेतात. खरी तेढ आज निराळ्या ठिकाणी आहे. हवामानबदलाला घाबरलेला माणूस अणुविजेकडे वळतो, कारण तीत कर्बवायू फारसा निघत नाही, हे खरेच आहे. अणुभट्टीला घाबरलेला सूर्यशक्तीकडे वळतो. आणि सौर पट्ट्या व विद्युतघट निकामी झाल्यावर कोणाच्या अंगणात पडणार, हा प्रश्न भंगारवाला विचारतो. २०२२च्या नियमांत सौर पट्ट्यांचा समावेश करावा लागला तो यामुळेच. एका बाकीवरचा उपाय दुसरी बाकी वाढवतो. हे तीन विषय एकाच वेष्टनात बांधण्याचे समर्थन यापेक्षा दुसरे नको, आणि असा ग्रंथ नेमका आजच का हवा, याचेही उत्तर यातच आहे : येत्या काही वर्षांत या देशात ऊर्जेसंबंधी जे निर्णय होतील त्यांतील प्रत्येक निर्णय 'पर्यावरणासाठी'च होत असल्याचे सांगितले जाईल.

संपादकांनी या गुंत्याची उकल केली आहे असा त्यांचा दावा नाही, माझाही नाही. त्यांनी केले आहे ते असे : शास्त्रज्ञाचा लेख आणि मच्छीमाराची मुलाखत शेजारी-शेजारी ठेवली, प्रकल्पाच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही जागा दिली, आणि इंग्रजीत अडकून पडलेली परिभाषा होता होईल तो वाचकाच्या भाषेत आणली. माझी एक तक्रार नोंदवतो. चंद्रपूरच्या कोळशाला आणि तेथील राखेला या ग्रंथात पुरेशी जागा मिळालेली नाही. विदर्भ पुन्हा एकदा परिशिष्टात गेला. दुसऱ्या आवृत्तीत हे दुरुस्त व्हावे.

मराठीचा आग्रह मी भाषाभिमानापोटी धरीत नाही. २०२० साली आघात-मूल्यमापनाच्या नियमांचा नवा मसुदा आला, त्यात हरकतींची मुदत तीस दिवसांवरून वीस करण्याचे घाटत होते, आणि तो मसुदा मुळात इंग्रजी-हिंदीत होता. देशातील इतर भाषांत त्याचे भाषांतर व्हावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. लाखो हरकती गेल्या. अमलात असलेली १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना मात्र या बाबतीत बरी आहे, आणि तिचा उपयोग ज्याने त्याने करावा म्हणून तीतील काही कलमे येथे सांगून ठेवतो. जनसुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात आल्यापासून निदान तीस दिवसांची मुदत असते, आणि त्या अवधीत प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणे हा लोकांचा हक्क आहे. आपली हरकत लेखी किंवा तोंडी, मराठीत देता येते. सुनावणी संपल्यावर तिचे इतिवृत्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. ते पुरते वाचून होईपर्यंत वाचकाने जागेवरून उठू नये.